बौद्धिक अक्षमता असलेलं मूल वाढवताना: पालकत्वाची पद्धत, मुलाचं मन आणि आपलं मन

बौद्धिक अक्षमता असलेलं मूल ज्या घरात आहे तिथे एक गोष्ट हमखास बघायला मिळते. सकाळी आईबाबा शांत असतात, मुलाच्या कलाने घेतात, दुपारपर्यंत तीच सूचना पंचवीस वेळा देऊन झालेली असते, संध्याकाळी आवाज चढतो, कधी हातही उठतो, आणि रात्री पोटात तुटतं म्हणून मूल जे मागेल ते त्याच्या हातात दिलं जातं. म्हणजे एकाच दिवसात एकाच घरात मुलाला तीन वेगवेगळे पालक भेटतात. इतर मुलं हे चढउतार वाचायला शिकतात, आज बाबा दमलेत म्हणून चिडले एवढं त्यांना समजतं. पण ज्या मुलाला कारण आणि परिणाम जोडायलाच वेळ लागतो त्याला हे उलगडत नाही, त्याला फक्त एवढंच कळतं की घरात कधीही काहीही होऊ शकतं, आणि मग ते सतत धास्तावलेलं राहतं किंवा सतत ताणून बघत राहतं.

म्हणून मला वाटतं की या घरांमध्ये पालकत्वाची पद्धत हा स्वभावाचा प्रश्न कमी आणि थकव्याचा प्रश्न जास्त आहे. नुसतं "असं वागा, तसं वागू नका" सांगून भागत नाही, दमलेल्या माणसालासुद्धा पाळता येईल असं काहीतरी हवं. खालच्या पायऱ्या त्या हिशोबाने लिहिल्यात. सगळ्या एकदम करायच्या नाहीत, एक पकडा, दोनतीन आठवडे करा, मग पुढची.

पायरी १: मूल आत्ता नेमकं कुठे आहे ते बघा

निदानाच्या कागदावर बहुतेक वेळा आयक्यूचा आकडा असतो आणि सगळं घर त्या आकड्याभोवती फिरत राहतं. साधारण ७० किंवा त्याखालचा आयक्यू हा निदानाचा भाग आहे खरा, पण एकच भाग. तितकाच महत्त्वाचा भाग म्हणजे रोजच्या जगण्यातली कौशल्यं, आणि शिवाय हे सगळं वाढीच्या वयातच सुरू झालेलं असावं लागतं. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानाच्या पुस्तकात तर सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र या पातळ्या आयक्यूवरून ठरवणं बंदच केलं, मुलाला रोज किती आधार लागतो यावरून त्या ठरवायच्या असं आलं. हा आधार तीन बाजूंनी बघतात: शिकणं आणि समजणं म्हणजे भाषा, आकडे, वेळ, पैसे, दुसरं माणसांशी वागणं, आणि तिसरं आंघोळ, कपडे, जेवण, रस्ता ओलांडणं असला रोजचा व्यवहार.

या तिन्ही बाजू एकसारख्या असतीलच असं नाही आणि इथेच घरच्यांची फसगत होते. एखादं मूल गोड बोलतं, आल्यागेल्याशी गप्पा मारतं, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की याला सगळं कळतं, आणि मग काही केलं नाही की "मुद्दाम करतो" हा शिक्का बसतो, प्रत्यक्षात तीन वाक्यांची सूचना त्याच्या डोक्यात टिकतच नसते. याच्या उलट, एखादं मूल बोलतच नाही म्हणून त्याच्यासमोर बसून त्याच्याबद्दल वाट्टेल ते बोललं जातं, आणि त्याला बोलता येतं त्यापेक्षा कितीतरी जास्त समजत असतं.

एक साधी वही घ्या. तीन याद्या करा: एकट्याने करतो, मदतीने करतो, अजून जमत नाही. अंदाजाने भरू नका, आठवडाभर बघून भरा, कारण आपण ज्या गोष्टी सवयीने त्याच्यासाठी करून टाकतो त्या त्याला येतात की नाही हेच आपल्याला ठाऊक नसतं. मोज्यांचंच बघा, किती घरांत मूल मोजे घालू शकतं पण सकाळची घाई म्हणून वर्षानुवर्षं कोणी त्याला घालू दिलेलेच नसतात. शिकवायचं ते मधल्या यादीतलं. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांनी १९३० च्या दशकात हेच मांडलं होतं, मूल एकट्याने जे करतं आणि मदतीने जे करतं यांच्या मधल्या जागेत शिकणं होतं. तिसऱ्या यादीतलं रोज मागत राहिलात तर मूलही हरतं आणि तुम्हीही.

आणखी एक. "त्याचं डोकं चार वर्षांच्या मुलाएवढं आहे" हे वाक्य शक्यतो वापरू नका. चौदा वर्षांच्या मुलाला आकडे चार वर्षांच्या मुलाइतके येत असतील, पण त्याने चौदा वर्षं जग बघितलंय, त्याचं शरीर चौदा वर्षांचं आहे, त्याला आवडीनिवडी आहेत आणि सगळ्यांदेखत गाल ओढले तर लाजही वाटते.

पायरी २: आपली पद्धत ओळखा, आणि ती कधी बदलते तेही

पालकत्वाच्या पद्धतींबद्दल आपण जे वाचतो त्यातलं बरंचसं डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या कामातून आलंय. १९६० च्या दशकात त्यांनी तीन पद्धती मांडल्या आणि १९८३ मध्ये एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी दोन प्रश्न घेऊन त्याच्या चार केल्या: पालक मुलाला किती ऊब आणि प्रतिसाद देतात, आणि मुलाकडून किती अपेक्षा ठेवतात. अपेक्षा जास्त, ऊब कमी म्हणजे हुकूमशाही पद्धत. ऊब जास्त, अपेक्षा कमी म्हणजे मोकळीक देणारी. दोन्ही कमी म्हणजे दुर्लक्ष. दोन्ही जास्त म्हणजे जिला सगळे चांगली म्हणतात ती, प्रेमळ पण ठाम. हे मूळ काम मुख्यतः सर्वसाधारण वाढीच्या लहान मुलांवर झालेलं आहे, त्यामुळे जसंच्या तसं उचलून चालणार नाही, पण त्या दोन प्रश्नांचा उपयोग नक्की होतो.

आपल्या घरांत या पद्धती जरा वेगळ्या रूपात येतात. हुकूमशाही बहुतेक वेळा "ट्रेनिंग"च्या नावाखाली येते. दिवसभर थेरपी, घरी आल्यावर पुन्हा तेच व्यायाम, प्रत्येक खेळ म्हणजे धडा, प्रत्येक चुकीला लगेच दुरुस्ती. हेतू चांगलाच असतो, मूल मागे राहू नये. पण मुलाला आईबाबांबरोबर नुसतं असणं मिळतच नाही. मोकळीक देणारी पद्धत दयेतून येते, "बिचाऱ्याला आधीच किती त्रास, त्यात अजून नाही कशाला म्हणायचं." आणि तिसरा एक प्रकार या घरांत फार दिसतो तो म्हणजे तळहातावरच्या फोडासारखं जपणं. मूल पडेल, हरवेल, लोक हसतील म्हणून त्याला काही करूच द्यायचं नाही. वरवर हे प्रेमच आहे, पण वर्षानुवर्षं सगळं दुसऱ्यानेच केलं की मूल प्रयत्न करणंच सोडून देतं, समोर चमचा असला तरी भरवायची वाट बघत बसतं. जमत नाही म्हणून करत नाही असं आपल्याला वाटतं, पण पुष्कळदा त्याने "मी काही केलं तरी फरक पडत नाही" एवढंच शिकलेलं असतं.

दुर्लक्षाबद्दल बोलायला कोणालाच आवडत नाही. पण डिप्रेशनमध्ये गेलेल्या आईच्या किंवा बाबांच्या हातून ते होतं, मूल टीव्हीसमोर तासन्‌तास बसून राहतं आणि कोणाच्या अंगात उठायचं बळ नसतं. त्या माणसाला दोष देऊन काही होत नाही, त्याला मदत लागते, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

आता वहीत आणखी एक पान करा. आठवडाभर रोज रात्री फक्त दोन ओळी: आज मी कधी ओरडले किंवा ओरडलो, आणि आज "नाही" म्हणून मग कधी "हो" केलं. वेळही लिहा. बहुतेकांना दिसतं की त्याच दोन वेळा आहेत, सकाळची तयारी आणि झोपायच्या आधीचा तास, म्हणजे सगळा दिवस सुधारायची गरज नाहीये, ते दोन तास सुधारायचेत.

"नाही"चं "हो" होणं हे फार महाग पडतं. मुलाने दहा मिनिटं रडून काढली आणि अकराव्या मिनिटाला मोबाइल मिळाला, तर तो हेच शिकतो की अकरा मिनिटं रडायचं. कधी मिळतो, कधी नाही, असं झालं तर सवय अजूनच घट्ट होते. म्हणून जिथे टिकणार नाही तिथे "नाही" म्हणूच नका. द्यायचंच असेल तर पहिल्यांदा मागितल्यावर द्या.

घरातल्या मोठ्या माणसांचं एकमत हा स्वतंत्र विषय आहे. आई एक सांगते, बाबा दुसरं, आजी तिसरं करून मोकळी होते. सगळ्या बाबतीत एकमत होणार नाही, तो नाद सोडा. फक्त तीन नियम ठरवा, जे घरातला प्रत्येक माणूस सारखेच पाळेल, आणि ते भिंतीवर चित्रासकट लावा. उदाहरणार्थ मारायचं नाही, रस्त्यावर हात धरायचा, आणि जेवण झाल्यावरच स्क्रीन. बाकी गोष्टींत आजीने लाड केले तर करू द्या.

पायरी ३: ऊब आणि अपेक्षा, दोन्ही रोजच्या कामात कशा आणायच्या

सूचना देण्याच्या पद्धतीपासून सुरू करा, कारण अर्ध्याअधिक भांडणांचं मूळ तिथे असतं. स्वयंपाकघरातून हाक मारून "चल आवर, बूट घाल, दप्तर घे, उशीर होतोय" असं म्हटलं की या मुलांच्या हाती काहीच लागत नाही. जवळ जा, नाव घ्या, नजर तुमच्याकडे येऊ द्या, एकच गोष्ट सांगा, आणि काय करायचं ते सांगा, काय नाही ते नको. "पळू नको" पेक्षा "हळू चाल". मग थांबा, मनात दहापर्यंत मोजा. हे थांबणं सगळ्यांना अवघड जातं, पण ऐकलेलं डोक्यात उतरायला या मुलांना जास्त वेळ लागतो आणि आपण तिसऱ्या सेकंदाला तेच परत सांगितलं की त्याची गाडी परत पहिल्यापासून सुरू होते.

दिवसाचा क्रम चित्रांत लावा. फोटो काढून लावले तरी चालतात, त्याच्याच ब्रशचा, त्याच्याच बाथरूमचा. झालेलं चित्र काढून डब्यात टाकायचं. बोललेलं हवेत विरतं, चित्र समोर राहतं. क्रम बदलणार असेल, पाहुणे येणार असतील, डॉक्टरकडे जायचं असेल तर आधी चित्र बदलून दाखवा.

निवड द्या, पण दोनच गोष्टींची आणि दोन्ही तुम्हाला चालणाऱ्या. "आंघोळ करायची का" असं विचारू नका, कारण तो नाही म्हणाला तर पुढे काय? "आधी आंघोळ की आधी दात" असं विचारा. छोट्या छोट्या गोष्टींत त्याचं चालतं असं मुलाला वाटलं की मोठ्या गोष्टींतला हट्ट पुष्कळ कमी होतो.

कौतुक करायचं ते नेमकं आणि लगेच. "शहाणा बाळ" ने त्याला काही समजत नाही, "चेन स्वतः ओढलीस" ने समजतं.

आता नवीन काम शिकवणं. समजा टीशर्ट घालायला शिकवायचंय. आपल्याला ते एक काम वाटतं, पण त्याचे तुकडे पाडले तर पुढची बाजू ओळखणं, खालची कड दोन्ही हातांनी धरणं, डोकं आत घालणं, डोकं गळ्यातून बाहेर काढणं, एक हात, दुसरा हात, आणि शेवटी खाली ओढणं, असे सात तरी निघतात. पहिल्यापासून शिकवायला गेलं तर मूल दुसऱ्याच तुकड्यावर अडकतं, चिडतं, आणि काम अर्धवट राहतं. त्याऐवजी शेवटापासून शिकवा. सहा तुकडे तुम्ही करा आणि टीशर्ट पोटापर्यंत आला की त्याचे हात कडेवर ठेवा आणि थांबा, त्याने खाली ओढला की टीशर्ट घालून झाला, आरशात बघायचं, टाळी. रोज त्याचा शेवट यशात होतो. ते पक्कं झालं, म्हणजे चारपाच दिवस न सांगता जमलं, की दुसरा हातही त्याच्यावर सोडा. मग पहिला हात. मदतही पायरीपायरीने कमी करायची, आधी त्याच्या हातावर तुमचा हात, मग फक्त मनगटाला स्पर्श, मग नुसतं बोट दाखवणं, मग काहीच नाही. महिने लागतील, लागू देत. एका वेळी असं एकच काम घ्या, फार तर दोन.

आणि दिवसातली पंधरा मिनिटं अशी ठेवा की त्यात काहीच शिकवायचं नाही. तो जे करेल ते त्याच्या शेजारी बसून करायचं, प्रश्न नाहीत, "हा कोणता रंग" नाही. थेरपीच्या गराड्यात ही पंधरा मिनिटं सगळ्यात आधी हरवतात आणि ऊब म्हणतात ती मुख्यतः इथूनच मिळते.

पायरी ४: वागण्यामागचं कारण शोधा, आधी शरीरात

मूल अचानक मारायला लागलं, डोकं आपटायला लागलं, रात्री ओरडायला लागलं तर पहिला प्रश्न वागण्याचा नाही, दुखण्याचा. दात, कान, बद्धकोष्ठता, ॲसिडिटी, पाळीच्या वेदना, नवीन चश्म्याची गरज, अपुरी झोप, फिटच्या किंवा इतर औषधांचे परिणाम. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत थायरॉइडचे त्रास, ऐकू कमी येणं आणि झोपेत श्वास अडखळणं हे जास्त आढळतं, आणि या तिन्हींमुळे मूल चिडचिडं किंवा मंद वाटू शकतं. ज्याला "माझा कान दुखतोय" हे सांगता येत नाही तो कानावर हात मारणारच. म्हणून आधी डॉक्टर.

शरीर ठीक असेल तर पुन्हा वही. प्रत्येक प्रसंगाच्या तीन गोष्टी लिहा: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. हा तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. अमेरिकेत ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांवर काम करून दाखवलं होतं की वरून सारखंच दिसणारं वागणं वेगवेगळ्या मुलांत वेगवेगळ्या कारणांनी टिकतं. ढोबळमानाने चार कारणं असतात: कोणाचं तरी लक्ष हवंय, काहीतरी वस्तू हवीय, एखाद्या कामातून सुटका हवीय, किंवा त्या हालचालीतूनच शरीराला बरं वाटतंय.

कारण चुकलं की उपाय उलटा पडतो. समजा मूल जेवणाच्या टेबलावर ताट ढकलून देतं आणि आपण शिक्षा म्हणून त्याला दुसऱ्या खोलीत पाठवतो. लक्ष वेधायला करत असेल तर कदाचित कमी होईल. पण टेबलावर पाच माणसं एकदम बोलतायत, भांड्यांचा आवाज होतोय आणि त्याला तिथून सुटायचं असेल, तर आपण त्याला हवं तेच बक्षीस दिलं, उद्या ताट अजून लवकर ढकललं जाईल. अशा वेळी शिकवायचं ते सुटकेचं योग्य भाषेतलं मागणं. "झालं" म्हणायला, किंवा बोलता येत नसेल तर तळवा दाखवायला किंवा थांबण्याचं कार्ड द्यायला. पहिले काही दिवस त्याने कार्ड दिलं की लगेच उठू द्या, दोन घास झाले असले तरी. कार्ड काम करतं हे पटलं की ताट ढकलायची गरज उरत नाही, मग हळूहळू "अजून एक घास, मग कार्ड". एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड यांनी १९८५ मध्ये हेच दाखवलं होतं, की त्रासदायक वागणं जे काम करत होतं तेच काम करणारी भाषा मुलाला दिली की वागणं कमी होतं.

एक आधीच सांगून ठेवते, नाहीतर मधेच धीर सुटतो. रडून मिळत होतं ते मिळायचं बंद झालं की सुरुवातीला रडणं वाढतं, कधीकधी खूपच वाढतं. उपाय फसला असं वाटून लोक नेमकं तेव्हाच हार मानतात. म्हणून जेव्हा घरात दुसरं माणूस मदतीला आहे, तुमची झोप झालीय, अशाच आठवड्यात हे सुरू करा. मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तर मात्र एकट्याने प्रयोग करू नका, वर्तनतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट सोबत हवाच.

मारण्याबद्दल मला काही मधलं मत नाही. मार दिल्यावर ते वागणं त्या क्षणी थांबतं म्हणून आपल्याला वाटतं उपयोग झाला, पण मुलाने का मार बसला हे जोडलेलंच नसतं, त्याने शिकलेलं एवढंच की राग आला की मारायचं, आणि उद्या ते तो लहान भावंडावर करून बघतो.

पायरी ५: मुलाच्या मनाकडे वेगळं लक्ष द्या

बौद्धिक अक्षमता हा मानसिक आजार नाही, पण या मुलांना मानसिक आजार होण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा बरीच जास्त असते. एरिक एमर्सन आणि ख्रिस हॅटन यांनी २००७ मध्ये ब्रिटनमधल्या मुलांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांपैकी ३६ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक विकार होता, इतर मुलांत हे प्रमाण ८ टक्के होतं. त्यांनी हेही दाखवलं की यातला बराच भाग गरिबी आणि घरावर येणाऱ्या संकटांशी जोडलेला आहे, म्हणजे सगळं काही मेंदूतूनच येतं असं नाही.

अडचण अशी की हे ओळखूच येत नाही. मूल गप्प झालं, जेवेना, झोपेना, की सगळे म्हणतात "त्याचा प्रॉब्लेमच आहे ना तो." १९८२ मध्ये स्टीव्हन रीस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की खुद्द तज्ज्ञसुद्धा हे करतात, त्याच तक्रारी बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाच्या म्हणून सांगितल्या की मानसिक आजाराचं निदान त्यांच्याकडून सुटून जातं. त्यामुळे पालकांनीच तुलना करून सांगायला लागतं, आणि तुलना इतर मुलांशी नाही, त्याच्याच तीन महिन्यांपूर्वीच्या वागण्याशी.

बदल काय बघायचे? येत असलेली गोष्ट यायची बंद होणं, जसं शी-शूची सवय मोडणं. आवडता खेळ सोडून देणं. झोप आणि भूक बदलणं. एका विशिष्ट जागेला किंवा माणसाला घाबरणं, याकडे तर अजिबात कानाडोळा करू नका, या मुलांचा छळ आणि लैंगिक अत्याचार होण्याचा धोका जास्त असतो आणि सांगता न येण्यामुळे तो लपून राहतो. तेच तेच प्रश्न विचारणं वाढणं, चिकटून राहणं, नवीनच सुरू झालेली मारामारी. या मुलांमध्ये उदासी पुष्कळदा रडण्यातून न दिसता चिडण्यातून दिसते. असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा आणि वही सोबत न्या. औषध दिलं तर ते कोणत्या त्रासासाठी आहे, किती दिवसांत फरक बघायचा आणि कधी बंद करायचं हे तिथेच विचारून घ्या.

घरी करण्यासारखं म्हणजे भावनांना नाव द्यायची सवय. "तुला राग आलाय, टॉवर पडला म्हणून." दुरुस्ती नाही, उपदेश नाही, फक्त नाव. तीनचार चेहऱ्यांची चित्रं पुरतात, राग, भीती, दुःख, आनंद. आणि घरात कोणी गेलं तर लपवू नका. "आजोबा गावाला गेलेत" सांगितलं की मूल रोज दाराशी बसतं. आजोबा वारले, त्यांचं शरीर काम करायचं थांबलं, ते परत येणार नाहीत, आपल्याला वाईट वाटतंय, इतक्या साध्या शब्दांत सांगा आणि पुन्हा पुन्हा विचारेल तेव्हा पुन्हा पुन्हा सांगा.

पायरी ६: तुमचं मन

हा भाग वगळून पुढे जायचा मोह होईल, जाऊ नका.

निदान समजल्यावरचं दुःख एकदा येऊन संपत नाही. सायमन ओल्शान्स्की यांनी १९६२ मध्ये अशा पालकांच्या दुःखाबद्दल लिहिताना म्हटलं होतं की हे दुःख वर्षानुवर्षं सोबत राहतं आणि तो आजार नसून स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. भाचा शाळेत जायला लागला, शेजारची मुलगी कॉलेजला गेली, की ते परत वर येतं. आलं की तुम्ही मागे गेलात असं नाही. त्याच वेळी मुलावर जीवापाड प्रेमही असतं, त्याच्या हसण्याने दिवस उजळतो, आणि दोन्ही एकदम खरं असतं.

आता ज्यासाठी हा सगळा लेख लिहावासा वाटला ते. ब्रूस बेकर आणि सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांपासून सुरू केलेल्या अभ्यासांत असं दिसलं की पालकांचा ताण मुलाच्या बौद्धिक पातळीपेक्षा त्याच्या त्रासदायक वागण्याशी जास्त जोडलेला असतो, आणि ते दोन्ही बाजूंनी चालतं, मुलाच्या वागण्याने पालकांचा ताण वाढतो आणि पालकांच्या ताणाने मुलाचं वागणं बिघडतं. मग कॅमेरॉन नीस यांनी २०१४ मध्ये वाढीत मागे असलेल्या मुलांच्या पालकांसाठी माइंडफुलनेसचे, म्हणजे आत्ताच्या क्षणावर शांतपणे लक्ष ठेवायला शिकवणारे गट घेतले. मुलांना काहीच शिकवलं नव्हतं. पालकांचा ताण आणि डिप्रेशन कमी झालं आणि मुलांच्या वागण्यातही सुधारणा नोंदवली गेली. तेव्हा स्वतःसाठी वेळ काढणं म्हणजे मुलाच्या वाट्याचं काढून घेणं, हा जो अपराधीपणा असतो ना, विशेषतः आयांना, तो मनातून काढून टाका. तुमची झोप हा मुलाच्या उपचारांचाच भाग आहे.

सुरुवात झोपेपासूनच करा. मूल रात्री उठत असेल तर दोघांनी रात्री वाटून घ्या, एक रात्र एकाची, आणि ज्याची रात्र नाही त्याने दुसऱ्या खोलीत झोपायचं. एकट्या पालकाला हे शक्य नसेल तर निदान आठवड्यातून एक रात्र कोणीतरी येऊन राहील असं बघा. मदत मागताना "कधी वेळ मिळाला तर ये" असं मोघम म्हणू नका, लोकांना काय करायचं ते कळत नाही. "शनिवारी चार ते सहा तू त्याच्याजवळ बसशील का" असं विचारा. येणाऱ्या माणसासाठी एक कागद करून ठेवा: काय आवडतं, कशाने बिथरतो, भूक लागली की काय करतो, औषधं कोणती.

थेरपीच्या यादीतलं एक काहीतरी कमी करता येईल का ते थेरपिस्टशी बोला. सगळं करणारे आणि पार मोडून पडलेले आईबाबा मुलाच्या काही कामाचे नसतात.

राग अनावर होतो त्या क्षणासाठी आधीच ठरवून ठेवा, कारण त्या क्षणी सुचत नाही. मूल सुरक्षित जागी आहे ना बघायचं, एकच ठरलेलं वाक्य म्हणायचं, "मी दोन मिनिटांत येते", दाराबाहेर जायचं, हात गार पाण्याखाली धरायचे, लांब श्वास सोडायचा, आणि परत यायचं. नंतर ओरडल्याबद्दल मुलाला सॉरी म्हणायला हरकत नाही, साध्या शब्दांत. भरपाई म्हणून वस्तू मात्र देऊ नका, आधी राग, मग लाड हा झोका तिथूनच परत सुरू होतो.

इतर पालकांचा गट शोधा, तिथे पहिल्या वाक्यापासून समजावून सांगायला लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने विकासात अडचणी असलेल्या मुलांच्या पालकांसाठी कौशल्यांचा एक प्रशिक्षण कार्यक्रम तयार केलाय आणि ऑस्ट्रेलियात सुरू झालेला स्टेपिंग स्टोन्स ट्रिपल पी हाही अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांसाठीच आहे, असं काही जवळपास किंवा ऑनलाइन मिळालं तर जरूर करा.

दोन आठवडे सतत उदास वाटतंय, कशातच मन लागत नाही, झोप उडालीय किंवा नुसतं झोपूनच राहावंसं वाटतंय, तर डॉक्टरकडे जा, डिप्रेशन बरं होतं. आणि जीव द्यावासा वाटत असेल, किंवा "आम्ही दोघंही नसलेलं बरं" असा विचार मुलाला धरून येत असेल, तर आजच कोणालातरी सांगा, हेल्पलाइन, डॉक्टर, बहीण, शेजारी, कोणीही, आणि तेवढा वेळ मूल दुसऱ्याच्या ताब्यात द्या. हा विचार फार थकलेल्या मनाला येतो आणि तो आला म्हणून तुम्ही वाईट आईबाप ठरत नाही.

"आमच्यानंतर कोण?" हा प्रश्न रात्री दोन वाजता सुटत नाही. त्याला दिवसाचा वेळ द्या. महिन्यातून एक तास ठरवा, त्यात तुमच्यानंतर कायदेशीर पालक कोण याचे कागद, पैसे, राहण्याची सोय, आणि कोण माणसं त्याच्या आयुष्यात असतील यातलं एकेक पुढे सरकवा. बाकीच्या दिवशी विचार आला तर कागदावर लिहून त्या तासासाठी ठेवा.

भावंडांबद्दल थोडक्यात

त्यांना खरं सांगा, वयाला झेपेल तेवढं. त्यांना राग येऊ द्या, लाज वाटली तरी रागावू नका. आठवड्यात एक ठरलेला वेळ फक्त त्यांचा. आणि त्यांना तिसरा पालक करू नका, "मोठा झाल्यावर तूच बघायचंस" हे दहा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर टाकायचं ओझं नाही.

पायरी ७: मूल मोठं होतंय, पद्धतही बदला

लहानपणी ठीक असलेली गोष्ट पंधराव्या वर्षी ठीक राहत नाही, आणि या मुलांना जुनी सवय सोडून नवीन धरायला वेळ लागतो, म्हणून आधीपासून सुरुवात. पाहुण्यांना मिठी मारण्याऐवजी हात जोडणं किंवा हात मिळवणं पाचव्या वर्षापासून शिकवा. शरीराच्या अवयवांची खरी नावं, कोणी कुठे हात लावायचा नाही, बाथरूमचं दार बंद करायचं, आणि आपणही त्याच्या खोलीत टकटक करून जायचं. पाळी येण्याआधी पॅड लावायचा सराव, नुसता, कोरडा. मुलग्यांना हस्तमैथुनाबद्दल ओरडायचं नाही, ते कुठे आणि कुठे नाही एवढं शिकवायचं.

आणि निर्णयांत त्याला घ्या. कपडे कोणते, सुट्टीत काय करायचं, कोणत्या थेरपिस्टकडे जायला आवडतं. डॉक्टरांनी तुम्हालाच प्रश्न विचारला तर "त्यालाच विचारा, मी मदत करते" असं म्हणा. तो चुकीचं निवडेल कधी, गार पाण्याने आंघोळ करेल, खाऊचे पैसे पहिल्या दिवशी संपवेल. जिवाला धोका नसेल तर चुकू द्या.

दर सहा महिन्यांनी पहिल्या पायरीतल्या तीन याद्या परत काढा. मधल्या यादीतलं काय पहिल्या यादीत गेलं ते बघा, नवीन काय घ्यायचं ते ठरवा, आणि या वेळी त्यालाही शेजारी बसवून, चित्रं समोर ठेवून विचारा की यातलं तुला काय शिकायचंय.